लोखंडी यांत्रिक गल्ले : ‘जुना’ आणि ‘अस्सल’ यांतला फरक

ओतीव लोखंडाच्या यांत्रिक गल्ल्यांची, म्हणजे नाणं टाकलं की हलत्या बाहुल्यांची करामत दाखवणाऱ्या बचतपेट्यांची, सुरुवात साधारणपणे १८६९ च्या अमेरिकन पेटंटपासून धरतात. कनेक्टिकटमधल्या क्रॉमवेल गावी ओतलेलं ते छोटंसं घर. घंटेची मूठ ओढली की छप्पर उघडून माकड-रोखपाल वर येतो, त्याच्यासमोर नाणं ठेवलं की नाण्याच्याच वजनाने छप्पर मिटतं. १८७३ च्या पेटंटच्या ‘टॅमनी’त (नाव न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय गटावरून) खुर्चीतला लठ्ठ पुढारी हातातलं नाणं खिशात सोडून मान डोलावतो. न्यूयॉर्कमधल्या लाचखोरीवरचा तो उघड टोला होता. पुढे बफेलो, फिलाडेल्फिया इथेही असे गल्ले निघाले. त्यांतल्या काहींनी कृष्णवर्णीयांची हिडीस थट्टा केली, आणि आज बाजारात सर्रास दिसणाऱ्या नकलांत याच गल्ल्यांच्या नकला पुष्कळ आहेत.

खरा गुंता ‘जुना’ या शब्दाचा आहे. १९५० च्या दशकात एका संग्रहातले अस्सल नमुने समोर ठेवून प्रतिकृतींची मालिका काढली गेली. बुडाशी तसा स्पष्ट शिक्का होता, म्हणजे व्यवहार प्रामाणिक होता. पण त्या प्रतिकृतीही आता सत्तरी गाठलेल्या आहेत. रंग उडालाय, गंज चढलाय. कुणी शिक्का कानशीने घासून टाकतं आणि ‘जुना गल्ला’ म्हणून विकतं. शब्द खोटा नाही, विक्री मात्र खोटी आहे. माझ्या मते इथे वयाला काडीची किंमत देऊ नये.

गल्ल्यावर ओतलेली पेटंटची तारीखही कामाची नाही. अस्सल गल्लाच साचा म्हणून वाळूत दाबला की तारखेसकट सगळं नकलेत उतरतं. उतरत नाही ते माप. ओतलेलं लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून २० सेंटिमीटरच्या बैठकीची (तळाची) नक्कल दोनेक मिलिमीटर आखूड भरते. त्यासाठीच संग्राहक अस्सल बैठकींभोवती पेन्सिल फिरवून काढलेले आराखडे जपून ठेवतात. शिवाय अस्सल ओतीव बोटाला गुळगुळीत लागतं, नक्कल खरखरीत, आणि तिच्या सांध्यांत फट राहते. फुलीच्या खाचेचा (फिलिप्स) स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाआधीचा असूच शकत नाही.

दुरुस्तीवर मात्र अजून एकमत नाही. नाणी काढायचं बुडाचं झाकण हमखास हरवतं. ते नवं बसवलेलं बहुतेकांना चालतं, सांगितलं म्हणजे झालं. हात किंवा डोकं नवं असेल, तर तो गल्ला अस्सल म्हणायचा की नाही यावर वाद सुरूच आहे.