भुताची हद्द: मराठी भयकथेची पार्श्वभूमी

भुताखेतांच्या गोष्टींबद्दल आपल्याकडे दोन मतं ठरलेली आहेत. एक, हा सगळा अडाणीपणा. दुसरं, काही म्हणा, पण काहीतरी असतंच. गंमत अशी की गावी लाइट गेली, ओटीवर सगळे जमले आणि कुणी गोष्ट काढली, की दोन्ही मतांची माणसं सारखीच कान देऊन ऐकतात आणि नंतर मागीलदारी जायला दोघांनाही सोबत लागते. विश्वास असो वा नसो, ओढ तीच. ही ओढ समजून घ्यायला मेंदूपासून सुरुवात करता येईल, पण मला आपल्याच भुतांपासून सुरुवात करणं जास्त सोयीचं वाटतं. त्यांची नोंद चांगली झालेली आहे, आणि ती नोंद करवून घेणाऱ्याची कथाही साधी नाही.

नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता. 'पंडित जॅक्सन' अशी त्याची ख्याती. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग बघायला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. इतकं आपण शाळेत शिकतो. याच जॅक्सननं गुजरात आणि कोकणातल्या शाळामास्तरांकडून गावोगावच्या समजुती लिहून मागवायला सुरुवात केली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. तो गेल्यावर आर. ई. एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं ते कागद लावले आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला. सरकारी पगारातल्या मास्तरांनी, बहुधा जरा संकोचानंच, आपापल्या गावची भुतं त्यात लिहून दिली आहेत.

ती यादी वाचण्यासारखी आहे. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. तो पिंपळावर नाहीतर विहिरीत. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. समोरून देखणी, पाठीमागून नुसता सापळा. सवाष्ण गेली तर जखीण, विधवा गेली तर लावसट. बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो. तो रात्री पाण्याशी गाठतो, पण त्याचा केस हाती लागला तर मुकाट राबतो म्हणतात. खारव्या-कोळ्यांतला झोटिंग. शिवाय समंध, देवचार, वीर, खवीस, चेडा. प्रत्येकाची जात ठरलेली, राहायचं ठिकाण ठरलेलं, मागणं ठरलेलं. मेल्यावरही जात सुटली नाही, हे तर उघडच दिसतं. पण त्याहून एक गोष्ट लक्षात येते. या यादीत म्हातारपणी, नातवंडं बघून, अंथरुणावर शांतपणे गेलेला माणूस जवळजवळ नाहीच. अडकलेला संस्कार, अपुरा संसार, अवेळी मरण, यांचीच भुतं होतात. ज्या काळात बाळंतपणात बाई दगावणं आणि पोरगं हाताशी येण्याआधी जाणं हे घरोघरी होत होतं, त्या काळात ही यादी म्हणजे गावाच्या दुःखांचं दप्तरच होतं.

आणि या दप्तरात एक फार व्यवहारी वाटणी केलेली आहे: घरचं भूत आणि बाहेरचं भूत. घरचं फक्त त्या घराला, त्या कुळाला पिडतं. बाहेरचं गावात फिरतं, पण साधारणपणे आपल्या हद्दीतच. 'बाहेरचं लागलंय' असं आजही म्हणतात ते यातूनच. म्हणूनच उतारा टाकायचा तो तिठ्यावर किंवा शिवेवर. नारळ, भात, कोंबडं ज्याचं त्याला पोचवायचं आणि मागं न बघता घरी यायचं. भीती होती, पण तिला पत्ता होता आणि तिच्यावर इलाजही होता.

वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. भुतांचा राजा वेताळ इथं गावाचा राखणदार झालेला आहे. त्याला नवसाचे केळ्यांचे घड आणि कातडी चपला वाहतात. साध्या नव्हेत, माणसाच्या पायाच्या दुपटी-तिपटीच्या. रात्री तो गावभर गस्त घालतो आणि त्यामुळं चपला झिजतात, अशी श्रद्धा. गोव्यात आमोणे, लोलये इथं बेताळ उभा आहे आणि तिथला देवचारही वाटसरूला वाट दाखवणारा राखण्या म्हणून मान घेतो. ज्याला भ्यायचं त्यालाच पहाऱ्यावर बसवायचं, हा तोडगा काढणाऱ्यांच्या अकलेला मी तरी दाद देतो.

पण भीतीवर इलाज असणं वेगळं आणि भीतीची चव घेणं वेगळं. ही दुसरी गोष्टही आपण समजतो तितकी नवी नाही. नाट्यशास्त्रानं आठ रसांत भयानक मोजला आणि शेजारीच बीभत्स ठेवला. भय चवीनं कसं घेता येतं, याचं नाट्यशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्तानं हजारेक वर्षांपूर्वी दिलेलं उत्तर अजून जुनं झालेलं नाही. उदाहरण त्यानं शाकुंतलातलं घेतलं: दुष्यंताच्या बाणापुढं मान वळवून वळवून मागं बघत धावणारं हरिण. बघणाऱ्याला त्या क्षणी 'मी भ्यालो' असं वाटत नाही आणि 'तो कुणी दुसरा भ्याला' असंही नाही. भय कुणा एकाचं राहत नाही, म्हणून ते चाखता येतं. आपल्या पायाखाली बाण पडायला लागले तर रस संपला.

याचा मोठा नमुना दिला तो विदर्भाच्या माणसानं. भवभूती स्वतःला पद्मपूरचा म्हणवतो. ते गाव आज गोंदिया जिल्ह्यातलं आमगावजवळचं पदमपूर मानतात. आठव्या शतकातल्या त्याच्या 'मालतीमाधव'चा पाचवा अंक थेट स्मशानात घडतो. प्रेमात हताश झालेला माधव भुतांना माणसाचं मांस विकायला निघालाय आणि पलीकडे अघोरघंट नावाचा कापालिक मालतीचा बळी द्यायच्या तयारीत आहे. सुशिक्षित प्रेक्षकांपुढं हे चाललेलं. भयपट ही पाश्चात्त्यांची देणगी असं कुणी म्हटलं की मला हा अंक आठवतो.

दुसरा नमुना पैठणचा. वेताळाच्या पंचवीस गोष्टींचा राजा म्हटला की उज्जैनचा विक्रम डोळ्यांपुढं येतो. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं कथासरित्सागरात त्या घेतल्या तेव्हा राजा होता त्रिविक्रमसेन आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. त्या चौकटीतली अट सगळ्यांना पाठ आहे: बोललास की प्रेत पुन्हा झाडावर. राजाच्या पाठीवर मढं आहे, भोवती मसणवट आहे, आणि तरी ऐकणारा निर्धास्त असतो, कारण नियम त्याला आधीच कळलेला असतो. गोष्टीतली भीतीसुद्धा हद्द आखून देते.

संतांनी तर भुतालाच कामाला लावलं. पैठणच्याच एकनाथांच्या भारुडात 'भूत जबर मोठं गं बाई' म्हणत झपाटलेली बाई येते आणि हसवता हसवता परमार्थ सांगून जाते. तुकोबांनी पंढरीच्या भुताची ताकीद दिली: येत्या-जात्याला ते झडपतं, तिकडं कुणी जाऊ नका. झपाटण्याचा अनुभव घरोघरी ओळखीचा होता, म्हणूनच ही थट्टा लोकांना पोचली. आणि रामदासांच्या भीमरूपीत 'भूत प्रेत समंधादि' येतातच. दिवेलागणीला पोरं परवचा म्हणत तेव्हा समंधाचं नाव घेऊन, त्याला पळवून, मग जेवायला बसत. रोज संध्याकाळी थोडं घाबरायचं आणि लगेच निर्धास्त व्हायचं, असा हा घरगुती रियाजच होता.

शिमग्यात हाच खेळ दिवसाढवळ्या चालतो. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांत संकासुर येतो: काळा पोशाख, डोक्यावर उंच टोकदार मुखवटा, कमरेला घुंगरं. लांबून घुंगरं वाजली की पोरं घरात पळतात, आईच्या पदरामागून बघतात, आणि तो पुढच्या घराकडं वळला की त्याच्याच मागं धावतात. धाकटं रडत असतं आणि थोरलं त्याला ओढत नेत असतं. भीतीची आवड कशी लागते हे बघायचं तर हे वीस पावलांचं अंतर पुरेसं आहे.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अलीकडे हेच अंतर मोजलं. वायले शहराजवळच्या एका भीतिघरात शिरणाऱ्या ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बांधली, त्यांच्या घाबरण्याची चित्रफीत घेतली आणि किती मजा आली ते विचारलं. २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. भीती फार कमी तर मजा नाही, फार जास्त तरीही नाही. मधे कुठंतरी मजेचा कळस. अभिनवगुप्ताच्या हरणाला आलेख मिळाला, इतकंच म्हणता येईल.

विसाव्या शतकात मात्र ही जुनी व्यवस्था विस्कटली. माणसं गाव सोडून गिरणगावात, चाळींत आली. वीज आली. बाळंतपणं दवाखान्यात गेली. पिंपळ राहिला तरी त्यावर मुंजा कुणाच्या घरचा हे सांगणारं कुणी उरलं नाही. भूत बेपत्ता झालं, आणि तिथूनच छापील भयकथेचे दिवस आले. 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये दिवाळी अंकाचा पायंडा पाडला होता. पुढं अनंत अंतरकरांच्या 'नवल'सारख्या मासिकांनी गूढ आणि अद्भुताला कायमची जागा करून दिली. फराळाच्या ताटाशेजारी बसून हडळ वाचायची, ही सोय जगात आणखी किती भाषांत असेल कोण जाणे.

नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची नावं एका दमात घेतली जातात, पण त्यांची भीती वेगळी आहे. धारप रसायनशास्त्र शिकलेले. त्यांच्या कथांत अमानवी शक्तीचेही कायदे असतात, आणि 'समर्थ'सारखा जाणता माणूस ते कायदे ओळखून तिला थोपवतो. गावच्या भगताची जागा शहरी वाचकासाठी त्यांनी अशी भरून काढली. मतकरींकडं असा कुणी येत नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या या लेखकानं ब्लॉकमधल्या, ऑफिसातल्या, नात्यातल्या साध्या माणसाच्या मनातच काळोख ठेवला. मला स्वतःला मतकरी जास्त घाबरवतात, आणि धारपांकडे मी जास्त वेळा परत जातो. या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध असावा.

पडद्यावरची कथा थोडक्यात. कराचीहून आलेल्या रामसे कुटुंबाचा १९७० चा एक चित्रपट पडला, पण मुखवटा घालून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरांचा प्रसंग तेवढा बघायला लोक येत होते. भावांनी हिशेब केला आणि १९७२ च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'पासून भयपटांचा कारखानाच घातला. पुढं मुरूडच्या नवाबाचा राजवाडा त्यांना हवेली म्हणून कामी आला. त्या भुताला ना कूळ ना शीव. रबराचा मुखवटा घालून ते कुठल्याही हवेलीत शिरू शके. म्हणूनच की काय, ते भारतभर चाललं आणि लवकरच हास्यास्पदही झालं.

या साऱ्या कौतुकाला एक दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढं जाता येणार नाही. भुताची गोष्ट गोष्टीतून बाहेर पडते तेव्हा ती बहुतेक वेळा कुणा बाईच्या अंगावर येते. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं. भूत उतरवायचं म्हणून साखळीनं बांधणं, मिरच्यांची धुरी देणं, चटके देणं हे सगळं घडत आलं. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाचं आहे. भयकथा लिहिणं हा त्यात गुन्हा नाही, आणि नसावाच. पण २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' मालिका सुरू होताच कोकणातून आक्षेप आले, ते निव्वळ भावना दुखावल्याचे नव्हते. आपलं गाव म्हणजे करणी-देवदेवस्की, अशी ओळख होईल ही धास्ती होती. पुढं मालिकेचं आकेरीतलं घर पाहायला पर्यटकांच्या गाड्या लागल्या, तेव्हा वादाचा सूर बराच खाली आला.

त्यानंतरचा ठळक टप्पा म्हणजे 'तुंबाड' हा चित्रपट. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना बीज मिळालं ते मित्राकडून ऐकलेल्या धारपांच्या कथेत; नाव मिळालं श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. २०१८ मध्ये तो जेमतेम चालला. २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. त्यातल्या हस्तर या शापित देवाची भीती खरी वाटते ती त्याच्या रूपामुळं नव्हे. पिठाचं रिंगण कुठवर आहे, कणकेची बाहुली किती वेळ पुरेल, हस्तरच्या लंगोटातून मुद्रा किती काढता येतील, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं आणि माणूस हाव धरून ती मर्यादा मोडणार हेही. मास्तरांनी लिहून दिलेली हद्द इथं घराण्याच्या वारशात आली आहे.

आता गोष्टी मोबाईलवर ऐकल्या जातात. सांगणारा 'माझ्या मामाच्या मित्राला आलेला अनुभव' म्हणून सुरुवात करतो आणि ऐकणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: नेमकं कुठं, कुठल्या फाट्यावर? घाटात पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते ही गोष्ट कसाऱ्यालाही सांगतात आणि कशेडीलाही. कशेडीला आता बोगदा झाला आहे. जुन्या वळणांवरच्या बाईचं काय करायचं, हे गोष्ट सांगणाऱ्यांनी अजून ठरवलेलं दिसत नाही.