गोव्यात बाकीबाब तोंडपाठ, पण 'भावीण' वाचलीय कोणी?

गोव्यात मराठी कविता म्हटलं की बाकीबाब, म्हणजे बा. भ. बोरकर, हे ठरलेलंच. शाळेच्या गॅदरिंगपासून पुढाऱ्यांच्या भाषणापर्यंत 'तेथे कर माझे जुळती' कुठेही ऐकू येतं. पण त्यांनी 'भावीण'सारख्या कादंबऱ्या पण लिहिल्यात म्हटलं की समोरचा नुसता बघत राहतो. असं का झालं ते कळायला थोडं मागे जायला हवं.

पोर्तुगीज अमदानीत सरकारदरबारी पोर्तुगीज, घरात कोंकणी, आणि हिंदूंच्या कानावर मराठी पडायची ती देवळात. भजन, कीर्तन, पुराण. म्हणजे वाचायला शिकायच्या आधीच ती चालीसकट ऐकलेली असायची. 1910 ला पोर्तुगालमधली राजेशाही गेली, रिपब्लिक आलं, हिंदूंना बरोबरीचे हक्क मिळाले आणि मग मराठी शाळा, वाचनालयं, पेपर यांना जोर आला (बाकीबाबांचा जन्मही त्याच वर्षीचा, कुडचड्याचा). पण 1926 ला तिकडे लष्कराने सत्ता घेतली, मागोमाग हुकूमशहा सालाझार आला, आणि छापायच्या आधी सगळं सेन्सॉरला दाखवा सुरू झालं. मग गोव्यातला लेखक पुस्तकासाठी मुंबई-पुण्याकडे बघणारच ना.

माझ्या मते कविता इथे रुजली ती यामुळेच. तिला छापखाना लागत नाही, एकाने म्हटली, दुसऱ्याने पाठ केली, झालं काम. त्यात बाकीबाब स्वतः गाऊन म्हणायचे, आणि ऐकणाऱ्यांना ती सवय देवळातूनच लागलेली. 'जीवनसंगीत' 1937 चं, 'दूधसागर' 1947 चं, मधे 1946 ला ते गोव्याच्या स्वातंत्र्याच्या चळवळीत पण उतरले. पुढे पुलं आणि सुनीताबाईंनी त्यांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम केले, तेव्हा ज्यांनी पुस्तक कधी हातात धरलं नाही त्यांच्यापर्यंत पण कविता पोचली. कादंबरीच्या नशिबी हे कुठलं, ती एकट्याने बसूनच वाचायला लागते.

आणि 'भावीण' (1950) तर ऐकवायला अवघडच. भाविणींचं, म्हणजे देवळाच्या सेवेला बांधल्या गेलेल्या बायकांचं जग त्यात आहे, म्हणजे ज्या देवळाने आम्हाला मराठी ऐकवली त्याच देवळाच्या आवारातलं, ज्याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. हा विषय कवीने उचलला याचं मला जास्त कौतुक. हां, बोरकरांमधला कवी मधे मधे डोकावतो आणि वाक्यं जरा जास्तच देखणी होतात, ते चालवून घ्यायचं. ज्याला हे जग कवीच्या नजरेतून नको, सरळ हवं, त्याने राजाराम पैंगिणकरांचं 'मी कोण?' घ्यावं. 1969 चं आत्मचरित्र, त्याच समाजात जन्मलेल्या माणसाचं, आणि त्यात देखणं करायची घाई कुठेच नाही.