घातांक मूळ आहे, म्हणून संख्याही मूळ? नाही!

मूळ संख्या म्हणजे काय, ते इथे उगाळत नाही. २ चा प-वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की मर्सेन संख्या मिळते. ती मूळ निघाली तरच तिला मर्सेन मूळ संख्या म्हणायचं. व्याख्येत कुणी अडत नाही. अडतात ते ‘प मूळ असला की २^प − १ मूळ असतेच’ या वाक्यावर. फॉरवर्डपासून क्लासच्या नोट्सपर्यंत फिरणारं हे वाक्य साफ चूक आहे.

खरं आहे ते उलटं: २^प − १ मूळ असेल, तर प मूळ असतोच. ठाण्याहून वाशीला जाणारी प्रत्येक ट्रान्सहार्बर लोकल ऐरोलीवरून जाते. म्हणून ऐरोलीत दिसलेली प्रत्येक गाडी वाशीचीच असते असं नाही. तुर्भ्याच्या पुढे नेरुळ-पनवेलचा फाटा आहे. मूळ घातांक म्हणजे ऐरोली.

कारण द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याच्या) लख्ख दिसतं. २^१५ − १ म्हणजे ओळीने पंधरा एक. तीन-तीनचे गट पाडा: १११ १११ १११ १११ १११. प्रत्येक गट म्हणजे ७, म्हणून ७ ने भाग जातो. पाच-पाचचे पाडले की ३१ ने. संयुक्त घातांक असा लगेच पकडला जातो. अकरा एकांचे मात्र सारखे गट पडतच नाहीत, आणि घोळ इथेच होतो. गट पडत नाहीत याचा अर्थ *या पद्धतीचा* विभाजक नाही, एवढाच. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९, आणि २३ द्विमानात १०१११ आहे; गटांतून तो सापडणार कसा? २, ३, ५, ७ या घातांकांनी ३, ७, ३१, १२७ अशा चारही मूळ संख्या मिळतात, त्यामुळे पाचव्यालाही आपण डोळे झाकून होकार देतो.

तपासायचं तर लुकास-लेहमर चाचणी लावा (प विषम मूळ हवा). ४ पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, २^प − १ ने भागून बाकी ठेवा. हे प − २ वेळा. शेवटी ० आलं तर मूळ, नाहीतर नाही. ३१ साठी प = ५, म्हणजे तीन पायऱ्या: ४ → १४ → ८ → ०. २०४७ साठी नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात. सुरुवातीचा ४ ही पायरी धरू नका, नेहमीची चूक तीच. बाकी दर पायरीला घ्यायची, नाहीतर अंक दर वेळी दुप्पट होत जातात.

ही चाचणी विभाजक सांगत नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. २^६७ − १ मूळ नाही हे गणिती लुकासने १८७६ मध्ये दाखवलं, विभाजक न सांगता. १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ ही फोड कोल या गणितीने दिली १९०३ मध्ये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली २^१३६२७९८४१ − १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या ‘माहीत असलेली सर्वांत मोठी’ मूळ संख्या म्हणून जाहीर झाली. नुसतं ‘सर्वांत मोठी’ लिहिणाऱ्यांनी युक्लिड वाचावा: मूळ संख्या अनंत आहेत, सर्वांत मोठी अशी नाहीच, हे त्याने सिद्ध केलं. आणि तिच्यावर बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात, हेही नका लिहू: आरएसए या गुप्तलेखन पद्धतीतल्या २०४८ बिटच्या (द्विमान अंकांच्या) किल्लीला सुमारे ३०९ अंकी दोन मूळ संख्या लागतात, त्याही गुप्त. ही तर साऱ्या जगाला ठाऊक आहे.