जपानमधली रिकामी घरं आणि गल्लीची मध्यरेषा

‘जपानमध्ये फुकट घर मिळतंय’ असे रील सध्या धडाधड फिरतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत तिथे ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के, हे खरंच आहे. पण त्यातली जवळपास निम्मी भाडेकरूची वाट पाहत आहेत. ना विक्रीला, ना भाड्याला, नुसतीच बंद अशी घरं साधारण ३८.५ लाख. काही व्हिडिओ तर तिथे भुताटकी दाखवतात. भूतबीत काही नाही.

माणसं घटली, वारस दूर गेले, हे कारण आहेच. मग तोक्योच्या दाट वस्तीत, जिथे इंचाइंचाला भाव, तिथेही घर पाडून प्लॉट मोकळा का करत नाहीत? एक कारण कराचं. घर उभं असेल तर २०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीचं करमूल्य एक षष्ठांश धरतात; घर पाडलं की सवलत गेली.

दुसरं कारण मला फार आवडतं, कारण ते निव्वळ भूमितीचं आहे. १९५० च्या इमारत कायद्यानुसार प्लॉटची निदान २ मीटर बाजू ४ मीटर रुंद रस्त्याला लागून हवी. जुन्या गल्ल्या एवढ्या रुंद कुठल्या? म्हणून तोड काढली: आधीपासून वस्ती असलेल्या गल्लीची मध्यरेषा धरायची आणि नवं घर बांधताना तिच्यापासून २ मीटर मागे सरकायचं. गल्ली २.७ मीटर असेल, तर मध्यापासून कडेपर्यंत १.३५, म्हणजे ०.६५ मीटर मागे. दर्शनी बाजू १० मीटर असेल तर साडेसहा चौरस मीटर जागा गेली. तिथे कुंपणाची भिंतसुद्धा चालत नाही आणि एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल ते) मोजताना ती जागा धरतही नाहीत. समोर नदी किंवा रेल्वेरूळ असेल तर समोरचा सरकणार कसा? मग पलीकडच्या कडेपासून पूर्ण ४ मीटर मोजतात. सगळा भार एकाच बाजूवर.

ज्याचा प्लॉट आत आहे आणि रस्त्याला २ मीटरऐवजी दीड मीटरच्याच बोळकांडीने लागतो, त्याला एरवी नवं बांधताच येत नाही. छप्पर गळकं असलं तरी जुनं घर हाच त्याचा शेवटचा हक्क. तो पाडेल कशाला?

नियम मात्र उगाच नाही. १९९५ च्या कोबे भूकंपात नागाता भागातल्या लाकडी घरांच्या दाट वस्तीत आग पसरत गेली. रुंद रस्ता आग अडवतो, बंबाला वाट देतो. पण ही रुंदी एकेक घर पाडलं जाईल तशीच वाढते. म्हणून अशा गल्लीत एक घर मागे, शेजारचं पुढे, पुन्हा एक मागे, अशी दातेरी रेघ दिसते. पुढे आलेलं घर १९५० च्या आधीच्या हद्दीवर उभं असतं.