सातवी तार, आठवी तार: लाकूड, पिकअप आणि पेटीच्या निवडीमागचा इतिहास

सात किंवा आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हटली की चर्चा लाकडापासून सुरू होते. बॉडी महोगनीची की बासवूडची, फिंगरबोर्ड (बोटांनी तारा दाबायची पट्टी) शिसवाचा की मेपलचा, यावर वाद रंगतात. पिकअपचा, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाचा, विषय त्यानंतर निघतो आणि गिटार ठेवायची पेटी तर पैसे देताना आठवते. या वाद्याचा इतिहास पाहिला तर लाकडाला दिलेला हा पहिला मान त्याला शोभत नाही, असं माझं मत झालं आहे. जादा तार आधी आली. तिला पेलणारी लांबी, तिचा आवाज नीट पकडणारा पिकअप आणि तिला मावेल अशी पेटी मागाहून, चुकतमाकत आली. आज दुकानात जे पर्याय दिसतात, त्यांतले बरेचसे या उशिराचे परिणाम आहेत.

सातवी तार मेटल संगीताने आणली असा समज आहे, तो खरा नाही. रशियात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सात तारांची गिटार वाजते आहे, मोकळ्या जी मेजरमध्ये लावलेली. ब्राझीलच्या शोरो संगीतात सात तारांच्या गिटारीवर खर्जातल्या चालत्या ओळी वाजवण्याची मोठी परंपरा आहे आणि तिथली सातवी तार सहसा खालच्या ‘सी’मध्ये लावतात. अमेरिकेत जॅझवादक जॉर्ज व्हॅन एप्स यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस एपिफोन या गिटार कंपनीकडून सात तारांची गिटार बनवून घेतली. तळाची तार ‘ए’. एकाच हातात पियानोचे डावे-उजवे दोन्ही हात आणावेत, अशी त्यांची ओढ होती. गंमत अशी की त्याच एपिफोनच्या न्यूयॉर्कमधल्या कारखान्यात, १९४०च्या सुमारास, गिटारवादक लेस पॉल यांनी पाइनच्या चौकोनी ओंडक्यावर तारा आणि पिकअप चढवून आपला प्रसिद्ध ‘लॉग’ तयार केला. एका कारखान्यात जादा तार, त्याच कारखान्यात भरीव बॉडी. दोन्ही एकत्र येऊन बाजारात मोठ्या प्रमाणावर खपायला मात्र जवळपास पन्नास वर्षं गेली.

ते घडलं १९९० साली. जपानच्या नागोयातल्या होशिनो गाक्की या कंपनीने आपल्या आयबानेझ नावाखाली गिटारवादक स्टीव्ह वाय यांच्यासाठी ‘युनिव्हर्स’ ही सात तारांची गिटार काढली. सातवी तार तळाची ‘बी’. वरच्या बाजूला ‘ए’ का नाही? लेनी ब्रो यांच्यासारख्या जॅझवादकांनी वरची ‘ए’ वापरून पाहिली होती. पण तिथे धातूचा स्वभाव आडवा येतो. तार किती उंच स्वरापर्यंत ताणता येईल हे तिच्या जाडीवर ठरत नाही, लांबीवर आणि पोलादाच्या ताकदीवर ठरतं. ६४८ मिलिमीटरच्या नेहमीच्या लांबीवर ४४० हर्ट्झची ‘ए’ म्हणजे पोलादी तार तुटण्याच्या अगदी काठावर. खाली जायला अशी भिंत नाही. म्हणूनच जादा तारांच्या गिटारीचा पुढचा सगळा प्रवास खर्जाकडे झाला.

युनिव्हर्स नीट पाहिली तर लक्षात येतं की ती सहा तारांचीच गिटार होती, रुंद केलेली. बॉडी बासवूडची, कारण आयबानेझच्या सहा तारांच्या कित्येक गिटारी बासवूडच्या होत्या. स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, तीच, साडेपंचवीस इंच. नटवरची (नेकच्या म्हणजे गिटारीच्या मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीवरची) रुंदी साधारण ४३ मिलिमीटरवरून ४८ वर गेली, पिकअपला सात खांब आले, बस्स. वाय यांच्या हातात, ‘बी’पर्यंतच्या मर्यादेत ते चालून गेलं. मग १९९४ साली कॉर्न या अमेरिकी मेटल बँडचा पहिला अल्बम आला. त्यांच्या दोन्ही गिटारवादकांनी याच गिटारी आणखी एक स्वर खाली, ‘ए’पर्यंत उतरवल्या, आणि सात तारा तांत्रिक करामतीच्या वर्तुळातून बाहेर पडून गॅरेजमधल्या पोरांपर्यंत पोचल्या.

स्वीडनच्या मेशुगा या मेटल बँडने ही ताणाताणी शेवटाला नेली. २००२च्या अल्बमसाठी त्यांनी आठ तारांच्या गिटारी खास बनवून घ्यायला दिल्या होत्या, पण पहिले नमुने कामाचे निघाले नाहीत. तेव्हा सात तारांच्याच गिटारी खूप खाली उतरवून रेकॉर्डिंग उरकावं लागलं. पुढे २००६ साली त्याच अल्बमच्या गिटारी आठ तारांवर पुन्हा वाजवून तो नव्याने काढला. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकाव्यात. ढिली तार आणि ताठ तार यांतला फरक इतका उघडा फार कमी ठिकाणी ऐकायला मिळतो.

सगळं गाडं अडतं ते इथे. तळाची ‘ई’ ८२.४ हर्ट्झची, ‘बी’ ६१.७ची आणि आठव्या तारेची ‘एफ शार्प’ ४६.२५ची. तारेतला ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे ‘ई’ची तार तशीच ठेवून ‘बी’पर्यंत उतरवली तर ५६ टक्के ताण उरतो आणि ‘एफ शार्प’पर्यंत नेली तर जेमतेम ३२ टक्के. तार लोंबते, फ्रेटवर म्हणजे पडद्यांवर आपटते, जोरात छेडली की आधी वरचा स्वर देते आणि मग खाली येते. उपाय दोनच: तार जाड करा किंवा लांब करा. तंबोऱ्यात हे दोन्ही उपाय शेकडो वर्षांपासून एकत्र नांदतात. खर्जाची तार पितळेची आणि जाड, शिवाय पुरुषी तंबोरा जनानी तंबोऱ्याहून लांब. गिटारवाल्यांनी पहिला उपाय लगेच उचलला. आठव्या तारेला ०.०७४ इंच जाडी आता सर्रास दिसते. पण जाड तार आखूड लांबीवर दांड्यासारखी वागते. तिचे वरचे उपस्वर जागेवरून चढे सरकतात, आणि डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, नेमके तेच उपस्वर ठळक होतात.

लांबीचा धडा खरं तर जुनाच होता. फेंडरने १९६१ साली काढलेल्या सहा तारांच्या ‘बेस सिक्स’ची स्केल तीस इंच होती. तो धडा मेटलवाल्यांनी गिरवला खूप नंतर. २००७ साली आयबानेझने आठ तारांची पहिली कारखानी गिटार काढली, तिची स्केल सत्तावीस इंच. साडेपंचवीसच्या तुलनेत त्याच तारेला, त्याच स्वराला सुमारे १२ टक्के जास्त ताण. पुढे मेशुगाच्या नावाने आलेल्या मॉडेलची स्केल २९.४ इंच, म्हणजे ३३ टक्के जास्त. पण लांबी वाढली की वरच्या तारा करवादतात आणि पहिल्या चार फ्रेटमध्ये बोटं पुरत नाहीत. त्यावरचा तोडगा म्हणजे पंख्यासारखे तिरके फ्रेट: खर्जाची तार लांब, वरची आखूड. सोळाव्या शतकात इंग्लंडमधल्या ऑर्फेरियनसारख्या वाद्यांत असे तिरके पडदे होते. आधुनिक गिटारीसाठी गिटार बनवणारे राल्फ नोव्हॅक यांनी १९८९ साली त्याचं पेटंट घेतलं. पेटंटची मुदत संपल्यावर ही रचना मोठ्या कारखान्यांत शिरली. आज ‘मल्टिस्केल’ म्हणून जे विकतात ते हेच. कोणी मला आठ तारांची गिटार सुचवायला सांगितली, तर मी आधी स्केल विचारीन.

पिकअपची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिथे जागेचा प्रश्नही होता. दोन कॉइल (तारेची वेटोळी) उलट्या जोडून विजेची घरघर मारणारा हमबकर पिकअप गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली तयार केला. अमेरिकेत विजेची घरघर ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. सहा तारांच्या गिटारीवर ही घरघर तळाच्या ‘ई’च्या बरीच खाली राहते, फिल्टरने कापता येते. आठ तारांच्या गिटारीवर ‘एफ शार्प’ ४६ हर्ट्झवर आणि खालची ‘ए’ ५५वर. घरघर थेट सुरांच्या मधोमध येऊन बसते, तिला कापायला जाल तर स्वरच कापला जातो. पुण्या-मुंबईतल्या घरगुती स्टुडिओत, अर्थिंग नीट नसलेल्या वायरिंगवर आठ तारांची सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या, घरघर न मारणाऱ्या पिकअपची) गिटार रेकॉर्ड करायला बसणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावं.

दुसरी अडचण कॉइलच्या वेढ्यांची. १९७०–८०च्या दशकांत जोरकस पिकअप म्हणजे जास्त वेढे, असं समीकरण होतं. वेढे वाढले की आवाज मोठा होतो, पण वरच्या कंपनसंख्या दबतात आणि मधला भाग फुगतो. सहा तारांवर ते गोड लागतं. ‘बी’च्या खाली त्याचा चिखल होतो. शक्तिशाली चुंबक जाड तारेला खेचून तिचं कंपन बिघडवतो, ते वेगळंच. इथे ईएमजीचा मार्ग उपयोगी पडला. रॉब टर्नर यांनी १९७६ साली सुरू केलेल्या या कंपनीच्या पिकअपमध्ये वेढे कमी, चुंबकाची ओढ कमी आणि उरलेलं काम नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या प्रीअ‍ॅम्पचं. सात तारांसाठी ७०७ आणि आठ तारांसाठी ८०८ त्यांनी काढले ते बेस गिटारीच्या साबणवडीसारख्या आवरणात. नवा साचा पाडण्यापेक्षा ते सोपं होतं. या एका व्यावहारिक निर्णयाचे परिणाम आजही भोगावे लागतात. साबणवडीचा खाच वेगळा, नेहमीच्या पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणाऱ्या, हमबकरचा वेगळा, त्यामुळे आठ तारांच्या गिटारीत पिकअप बदलायचा तर आधी पट्टी घेऊन खाच मोजावी लागते. नंतर पॅसिव्ह पिकअपवाल्यांनी हाच साबणवडी आकार उचलला आणि थोडी सोय झाली.

मेशुगाच्या मॉडेलमध्ये तर एकच पिकअप आहे, स्वीडनच्याच लुंडग्रेनचा, पॅसिव्ह, ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे. एवढा महागडा साज आणि एकच पिकअप, हे पाहून लोक चकित होतात. मला ते पटतं. जड डिस्टॉर्शनमध्ये खर्जाच्या तारेचं नेकजवळचं कंपन कोणी ऐकू इच्छित नाही. स्वच्छ आवाजही लागत असेल, तर २०१४च्या सुमारास आलेले फिशमनचे फ्लुएन्स पिकअप आहेत. त्यांत तार गुंडाळलेली नसते, छापील सर्किटचे थर असतात, आणि एकाच पिकअपमधून दोन वेगळे बाज काढता येतात. या सगळ्याच्या आधी, १९९०च्या दशकात, गिटारवादक चार्ली हंटर यांनी नोव्हॅकच्या आठ तारांच्या गिटारीवर बेसच्या तारा आणि गिटारीच्या तारा वेगळ्या पिकअपवरून वेगवेगळ्या अ‍ॅम्पकडे पाठवल्या होत्या. त्या वाटेने पुढे फारसं कोणी गेलं नाही, हे मला जरा खटकतं.

आता लाकूड. ‘टोनवूड’ (आवाज घडवणारं लाकूड) ही कल्पना अकूस्टिक गिटारीतून आली. तिथे पातळ फळी स्वतः हवा हलवते, त्यामुळे लाकूड म्हणजेच आवाज. भरीव गिटारीत पिकअप पोलादी तारेची हालचाल पकडतो, लाकडाची नाही. लेस पॉल यांचा ओंडका पाइनचा होता. फेंडरने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅश वापरलं आणि १९५६च्या सुमारास बहुतेक स्ट्रॅटोकास्टर आल्डरकडे वळवल्या, कारण ते मुबलक, स्वस्त आणि रंग चढवायला सोपं होतं. ज्या लाकडांना आज ‘क्लासिक’ म्हणतात, त्यांतली बरीचशी अशा हिशेबाने आलेली आहेत. बासवूडही तसंच: हलकं, कोरायला मऊ. ठोकरलं की खळगा पडतो, एवढा त्याचा दोष.

तरीही जादा तारांच्या गिटारीत लाकूड एका ठिकाणी खरोखर महत्त्वाचं ठरतं. ते म्हणजे नेक. आठ तारांच्या नेकची नटवरची रुंदी ५५ मिलिमीटर, तारांची ओढ जास्त, लांबी जास्त. नेक स्वतः थरथरला तर काही फ्रेटवर स्वर लवकर मरतो. वादक त्याला डेड स्पॉट म्हणतात. म्हणून मेपलच्या पट्ट्यांमध्ये बुबिंगा किंवा अक्रोड घालून केलेला पाच तुकड्यांचा नेक, आत कार्बन फायबरच्या कांड्या, अशी रचना रूढ झाली. खर्च करायचाच तर तो इथे करावा. बॉडीच्या लाकडाचा विचार वजनापुरता पुरे. आठ तारांची, लांब नेकची गिटार आधीच डोकं (नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग) खाली टाकायला बघते, त्यात फार हलकी बॉडी घेतली तर पट्टा खांद्यावर असूनही नेक हाताने तोलून धरावा लागतो.

फिंगरबोर्डच्या शिसवाशी आपला संबंध थेट आहे. सह्याद्रीच्या रांगांत वाढणारं, वाड्यातल्या झोपाळ्यांत आणि देव्हाऱ्यांत दिसणारं शिसव गिटारीच्या जगात ‘इंडियन रोझवूड’ म्हणून जातं. ब्राझीलच्या रोझवूडचा व्यापार १९९२ साली आंतरराष्ट्रीय करारानुसार जवळजवळ बंद झाल्यावर भारतीय शिसवाचा भाव वधारला. ऑगस्ट २०११मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांनी गिब्सनवर छापा घातला. त्यात जप्त झालेल्या मालात भारतातून आलेल्या फिंगरबोर्डच्या पट्ट्या होत्या. पुढच्या वर्षी तडजोड झाली, तीन लाख डॉलरचा दंड मुख्यतः मादागास्करच्या आबनुसापायी बसला आणि भारतीय लाकूड परत मिळालं. २ जानेवारी २०१७पासून शिसव ज्यात मोडतं ती डाल्बर्जिया ही अख्खी प्रजाती आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी परवान्याखाली आली. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९मध्ये सूट मिळेपर्यंत गिटार परदेशी पाठवणाऱ्यांची बरीच धावपळ झाली. त्या दोन-तीन वर्षांत कारखान्यांनी पाव फेरो, जटोबा, भाजलेलं मेपल असे पर्याय पुढे केले. आवाजाची तक्रार फारशी कोणी केली नाही. अ‍ॅशवर तर कीडच आली: एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या भुंग्याने अमेरिकेतली अ‍ॅशची झाडं खाल्ली आणि २०२० साली फेंडरने अ‍ॅशचा वापर आटोपता घेतला.

पेटीकडे मात्र इतिहासाने शेवटपर्यंत लक्ष दिलं नाही. युनिव्हर्सची लांबी नेहमीच्या गिटारीइतकीच असल्याने तिची अडचण झाली नव्हती. सत्तावीस इंचाच्या पुढे गेल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. गिटारीच्या पेटीत डोकं मावेना आणि बेसच्या पेटीत बॉडी हलू लागली. हलणारी बॉडी जास्त धोक्याची, कारण पेटी पडली की मागे कललेलं डोकं पेटीच्या भिंतीवर आपटतं आणि नेक नटच्या मागे तडकतो. चांगल्या पेटीत नेकला आधार असतो आणि डोकं अधांतरी असतं. नेड स्टाइनबर्गर यांनी १९८०च्या सुमारास आणलेली बिनडोक्याची रचना स्वीडनच्या स्ट्रँडबर्गने सात-आठ तारांसाठी पुन्हा उचलली, तेव्हा मल्टिस्केल गिटारही आखूड झाली आणि गिग बॅगेत घालून विमानात वर नेण्याइतकी आटोपशीर झाली. पण अशी गिटार नेहमीच्या हार्ड केसमध्ये ठेवली की तिचं टोक आधाराच्या अलीकडेच संपतं आणि ती मागेपुढे सरकते. तिला तिच्याच मापाची बॅग लागते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर आतल्या फोमचं अस्तर दमट राहतं, पिकअपचे स्क्रू आणि ब्रिज गंजतात, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या आणि अधूनमधून पेटी उघडून हवा देणं हे सगळ्यांनाच करावं लागतं. विकत घेताना जाहिरातीत स्केल लिहिलेली असते, एकूण लांबी बहुधा नसते. ती विक्रेत्याकडून मोजून मागवावी आणि बॉडीची सर्वांत रुंद जागाही, मगच पेटीची ऑर्डर द्यावी.