बारफेरीचा रस्ता कॅम्पातूनच का जातो

संध्याकाळी साडेसातला महात्मा गांधी रस्त्याच्या कोपऱ्यावर जमायचं, माहितगार माणसाच्या मागून तीन-चार बार पायी गाठायचे, प्रत्येक ठिकाणी एक पेला आणि एक गोष्ट. पुण्यात ही कल्पना आता कुणाला फारशी वेगळी वाटत नाही. मूळ बाहेरचं. डब्लिनमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून नटमंडळी लोकांना पबांतून फिरवत साहित्यातले उतारे म्हणून दाखवतात, एडिंबरामध्येही असे फेरफटके चालतात. मात्र तिथला पब गावाच्या मधोमध असतो, त्यामुळे पबाची गोष्ट आणि गावाची गोष्ट एकाच रस्त्यावर भेटतात. पुण्यात गावाचा इतिहास शनिवारवाडा, कसबा आणि तुळशीबागेत, आणि बारफेरी मात्र पूर्वेकडच्या कॅम्पात, म्हणजे जुन्या लष्करी छावणीत, किंवा कोरेगाव पार्कात. पेठांत परमिट रूम नाहीत असं नव्हे, चिक्कार आहेत. पण त्यांची गोष्ट सांगायला कुणी पुढं येत नाही.

याची सुरुवात पेशवाईत आहे. पेशव्यांच्या पुण्यात दारू विकणं आणि पिणं हा कोतवालाच्या अखत्यारीतला गुन्हा होता. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसलेल्या माणसाला गस्तवाले धरत आणि सकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवत. १७७७ ते १७९१ या काळात कोतवालीवर असलेल्या घाशीरामाचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं ते याच अधिकाराच्या अतिरेकामुळं. बंदीला अपवाद होते, पण ते माणूस कोण यावर ठरत. कोकणातल्या भंडारी-कोळ्यांना सवलत, लष्करातल्या ख्रिस्ती शिपायांकडे काणाडोळा, आणि ब्राह्मणाला मात्र जबर शिक्षा.

हे ख्रिस्ती शिपाई पुण्याच्या नकाशावर आजही दिसतात. सवाई माधवरावांच्या दरबारी नोकरीत असलेला पोर्तुगीज अधिकारी दोम मिगेल द नोरोन्हा याच्या विनंतीवरून चर्चसाठी जागा मिळाली आणि १७९२ साली क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च उभं राहिलं. पेशव्यांनी ते शहराच्या पूर्व कडेला बसवलं. पुढं जे जे 'आपल्यातलं नाही' ते सगळं याच दिशेला सरकत गेलं. फेरी या चर्चपासून सुरू करणारा वाटाड्या शहाणा म्हणायचा.

५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. गोऱ्या फौजेला राहायला जागा हवी होती. ती जुन्या शहरात न घेता पूर्वेला, नागझरी ओढ्याच्या पलीकडं घेतली गेली, दुसरी छावणी खडकीला. एका शहराला लागून दुसरं शहर वसलं. इकडं पेठा, वाडे आणि देवळं, तिकडं बरॅकी, परेडची मैदानं, चर्च, कँटीन आणि लष्कराला माल पुरवणारा बाजार. जुने पुणेकर अजून कॅम्पाला 'लष्कर' म्हणतात. या बाजारात पारशी, गोवेकर, बोहरी, बगदादी ज्यू असे सगळे आले. डेव्हिड ससूनच्या पैशातून १८६७ साली लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, उभं राहिलं. १८७८ साली दोराबजींचं दुकान सुरू झालं. मुंबई इलाख्यात दारूच्या मक्त्यांत पारशी माणसं बरीच होती, 'दारूवाला' हे आडनाव काही गंमत म्हणून पडलेलं नाही.

पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर सगळा लवाजमा घेऊन पुण्याला यायचा आणि मग इथला 'सीझन' सुरू व्हायचा: घोड्यांच्या शर्यती, नाच, मेजवान्या. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८चा, पूना क्लब १८८६चा. या क्लबांच्या आत भारतीय माणूस जायचा तो ट्रे घेऊन. गणेशखिंडीत गव्हर्नरचा बंगला होता, जिथं आज विद्यापीठ आहे. २२ जून १८९७च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून प्लेग अधिकारी रँड तिथूनच परतत होता, आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. बारफेरीत ही गोष्ट ऐकताना ग्लास खाली ठेवावा असं मला वाटतं. प्लेगच्या साथीत घराघरांत सोजीर घुसत होते, त्याच वर्षी टेकडीवर शॅम्पेन उघडली जात होती.

गोऱ्या शिपायाला बिअर हवी होती आणि विलायतेहून ती बोटीनं आणणं महागात पडत होतं. मीकिन नावाच्या इंग्रज व्यावसायिकानं सिमला-कसौलीच्या ब्रुअऱ्या घेतल्या आणि नव्या काढल्या, त्यांत एक खडकीची. त्याच धंद्याचं पुढं डायर मीकिन झालं आणि स्वातंत्र्यानंतर मोहन मीकिन. म्हणजे मोहन मीकिनच्या ओल्ड मंक रमच्या घराण्याचा एक धागा खडकीला येऊन मिळतो, हे मित्रांना सांगून बघा, निम्मे विश्वास ठेवत नाहीत.

दरम्यान नागझरीच्या अलीकडं वेगळंच चाललं होतं. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं दारू गाळण्याचा आणि विकण्याचा अधिकार सरकारनं घट्ट मुठीत घेतला. घरच्या वापरापुरतं मोह गाळणारा आदिवासी गुन्हेगार ठरला आणि मक्तेदाराचं दुकान कायदेशीर. अबकारी हे उत्पन्नाचं मोठं साधन झालं, साहजिकच दुकानं वाढली. जोतीराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. जुलै १८८०मध्ये त्यांनी पालिकेच्या व्यवस्थापक समितीच्या अध्यक्षांना, म्हणजे प्लंकेट यांना, पत्र लिहिलं. शहरात दारूची दुकानं वाढत चालली आहेत, त्यांनी कित्येक संसार धुळीला मिळवले आहेत, आणि या दुकानांवर पालिका कर तरी बसवते का, असा त्याचा रोख. हे पत्र फेरीत कुणी सांगत नाही. सांगायला हवं, कारण 'दारू वाईट' एवढ्यावर फुले थांबत नाहीत, यातून पैसा कुणाला जातो आणि भुर्दंड कोण भरतो हे विचारतात. राज्य उत्पादन शुल्क विभागाचे महसुलाचे आकडे दरवर्षी छापून येतात तेव्हा तो प्रश्न आजही तसाच उभा असतो.

त्याच दशकाच्या शेवटी पुण्यात प्यालावरून केवढं वादळ उठू शकतं याचा नमुना दिसला, आणि प्याला होता चहाचा. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढं चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी शिवलीही नाहीत. हजर असलेल्यांची नावं पेपरात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं. रानडे आणि टिळक, दोघंही त्या यादीत. प्रायश्चित्ताचं प्रकरण कैक महिने गाजलं. मिशनचा चहा जिथं पचत नव्हता तिथं ब्रँडीची काय कथा? पिणारे होतेच, पण कॅम्पात जाऊन, ओळखीचं कुणी भेटू नये अशी प्रार्थना करत.

टिळकांनी १९०८ साली दारूबंदीचा प्रश्न रस्त्यावर आणला. पुण्यातल्या दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले, गिऱ्हाइकांना हात जोडून परत फिरवू लागले. अबकारीचं उत्पन्न घटणार म्हटल्यावर सरकार जागं झालं, बंदीहुकूम निघाले, स्वयंसेवकांवर खटले भरले गेले. त्याच जूनमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली आणि चळवळीचा जोर ओसरला. पण दारूचं दुकान म्हणजे परक्या सरकारचा गल्ला हे समीकरण पक्कं झालं. पुढं गांधीजींच्या काळात बायका दुकानांसमोर निरोधन करू लागल्या ते याच रेघेवर.

कॅम्पातली संध्याकाळ मात्र सोजिरांचीच राहिली. ईस्ट स्ट्रीटवर आज व्हिक्टरी थिएटर आहे, ते तेव्हाचं कॅपिटॉल. २४ जानेवारी १९४३ला गोऱ्या सैनिकांनी भरलेल्या या थिएटरात क्रांतिकारकांनी ठेवलेला बॉम्ब फुटला, काही सैनिक ठार झाले. बारफेरी या इमारतीसमोर थांबते तेव्हा आजूबाजूला मोबाइलची कव्हरं आणि श्रूजबेरी बिस्किटांच्या पिशव्या घेऊन माणसं जात असतात. इथं कुणाला तरी खिशात स्फोटकं घेऊन तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागलं होतं, हे डोळ्यांपुढं आणायला वाटाड्या चांगला असावा लागतो.

स्वातंत्र्य आलं आणि दारूबंदीही आली. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९चा, आणि मोरारजी देसाई त्याचा चेहरा. १९५०पासून राज्यभर बंदी. पुढच्याच वर्षी बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा मोडीत न काढता त्यातली काही कलमं रद्द केली, अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं मोकळी केली. मग काय, औषधांच्या दुकानात टिंक्चरला उठाव आला. गूळ आणि नवसागराची हातभट्टी गावोगाव पेटली. ज्याला राजरोस प्यायची असेल त्यानं डॉक्टरचा दाखला आणून तब्येतीसाठी दारू लागते असं सिद्ध करायचं आणि ठरलेल्या 'युनिटां'चं परमिट घ्यायचं. प्रतिष्ठित माणसानं सही-शिक्क्यानिशी व्यसनी ठरायचं, असा तो मामला. याच धोरणाची एक चांगली आठवण म्हणजे नीरा केंद्रं. पहाटे उतरवलेली नीरा थंड ठेवायची आणि आंबायच्या आत विकायची. उन्ह तापलं की तिची ताडी होते आणि मग ती दुसऱ्या कलमात जाते.

बंदी कधी उठली, असं पुष्कळ जण विचारतात. ती उठलीच नाही. वसंतराव नाईकांच्या काळात ती सैल होत गेली, १९७३ साली देशी दारूचे नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूचं दुकान जन्माला आलं. ही सैलाई आणि सहकारी साखर कारखान्यांची भरभराट एकाच काळातली. कारखाना म्हटला की मळी आली आणि मळी म्हटली की मद्यार्क. याला नुसता योगायोग म्हणायला मी तयार नाही. मूळ कायदा मात्र अजून लागू आहे, आता त्याच्या नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आहे एवढंच. राज्यातला प्रत्येक बार दारूबंदीच्या कायद्याखाली परवाना घेऊन दारू विकतो.

त्यामुळंच पाटीवर 'परमिट रूम' असतं. खोली परमिट असलेल्यांसाठी, हा कायद्याचा शब्दशः अर्थ. एक दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी पाच रुपये, देशीसाठी दोन, वर्षाचा शंभर आणि आजन्म एक हजार. गल्ल्याजवळ छोट्या पावत्यांचं पुस्तक पडलेलं असतं, त्यावर नाव, वय, तारीख. गिऱ्हाईक ते मागत नाही, वेटर देत नाही, आणि तपासणी आली की पुस्तक भरलेलं सापडतं. वयाची अट बिअरला २१, कडक मद्याला २५. लग्न करता येतं, मतदान करता येतं, नगरसेवकपदाची निवडणूक लढवता येते, पण व्हिस्कीसाठी थांबावं लागतं. जुन्या परमिट रूमची रचनाही या लपाछपीतून आलेली: काळ्या काचा, दाराला पडदा, दुपारीही पेटलेले मंद दिवे, मागं वेगळी फॅमिली रूम, आणि टेबलावर न मागताच येणारे शेंगदाणे आणि चणे. रस्त्यावरून आतलं दिसू नये यासाठी एवढी मेहनत दुसऱ्या कुठल्या धंद्यात घेतली जात नसेल.

पडदा सरकायला पूर्वेनंच सुरुवात केली. १९७४ साली रजनीशांचा आश्रम कोरेगाव पार्कात आला आणि परदेशी माणसं तिथं राहू लागली. मागाहून आयटी आलं, पगार आले, बाहेरगावची पोरं आली. नारायणगावच्या द्राक्षांपासून फसफसती वाइन १९८०च्या दशकातच निघू लागली होती. २००९ साली डूलाली ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यात सुरू झाली आणि काचेपलीकडं तांब्या-पितळेच्या टाक्या मांडून बिअर दाखवायची रीत पडली. खडकीची बिअर विस्मरणात गेल्यावर शहरात बिअर पुन्हा बनू लागली ती अशी. मुंढवा आणि बालेवाडी ही नंतरची पिढी.

दोनदा ब्रेक लागला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १ एप्रिल २०१७पासून लागू झाला आणि रात्रीत कित्येक बारना टाळं लागलं. काही महिन्यांनी महापालिका हद्दीतल्यांना सूट मिळाली. दुसरा ब्रेक जास्त खोल गेला. १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, आणि त्याआधी तो पबमध्ये बसला होता हे समोर आलं. मग वयाचे दाखले तपासले जाऊ लागले, पबना सील लागली. पायी फिरणाऱ्या फेरीला त्यानंतर एक वेगळंच समर्थन मिळालं: इथं गाडी कुणी चालवत नाही.

आजच्या फेरीवर या सगळ्याचे ठसे आहेत. ग्लास हातात घेऊन रस्त्यानं चालता येत नाही, त्यामुळं गोष्टी दोन बारच्या मधल्या फुटपाथवर कोरड्या तोंडानं सांगाव्या लागतात. आधार कार्ड जवळ ठेवायला सांगतात. तारखा ठरवताना आधी कोरडे दिवस, म्हणजे ड्राय डे, बघतात. गणेशोत्सवात तर बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगणं कठीण, की शहर रात्रभर जागं आहे, ढोल वाजतायत, गर्दीला पार नाही, आणि बार बंद. देशी दारूचं दुकान मात्र कुठल्याही फेरीत नसतं. संत्रा आणि मोसंबी चवीच्या देशीची ती दुकानं सकाळी कामाला निघालेल्या माणसाच्या वाटेवर उघडतात आणि फुल्यांचं पत्र ज्यांच्याबद्दल आहे ती माणसं तिथं उभी असतात. फेरी सुरू होते तेव्हा त्यांची संध्याकाळ आटोपत आलेली असते.