हरिकेन आणि दोन तिरपे खिळे

20 सप्टेंबर 2017 ला मारिया हरिकेन (अटलांटिक महासागरातलं मोठं चक्रीवादळ) कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको बेटावर धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी साधारण 250 किलोमीटर होता. नंतर विमानातून काढलेले फोटो बघितले तर डोंगरउतारावर निळ्या ताडपत्र्याच ताडपत्र्या, म्हणजे छप्परं गेलेली. यातली खूप घरं लोकांनी स्वतःच बांधलेली, इंजिनियर नाही, परवानगी नाही, पैसे येतील तशी एकेक खोली वाढवत नेलेली. मग लोक म्हणतात की लाकडी घर होतं, उडणारच. पण यात लाकडाचा दोष फार कमी असतो, घर सुटतं ते जोडापाशी.

आधी वाऱ्याचा हिशोब बघू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. ताशी 119 किलोमीटरला हरिकेन म्हणायला सुरुवात होते आणि तेव्हा दर चौरस मीटरला साधारण 68 किलोचा जोर असतो. 250 ला तोच जोर 300 किलोवर जातो. आणि छपराच्या पत्र्याचं वजन किती, तर चौरस मीटरला चार-पाच किलो! म्हणजे पत्रा वजनाने जागेवर राहील ही आशाच सोडायची, तो राहिला तर फक्त खिळ्यांच्या भरवशावर.

बरं, वारा छपराला ढकलतो असं आपल्याला वाटतं पण बहुतेक वेळा तो छपराला वर ओढतो. हवा कडेवरून वळताना वेग घेते, तिथे दाब कमी होतो आणि पत्रा वरच्या बाजूला खेचला जातो, आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते, कोपऱ्यांना, वळचणीला आणि आढ्याजवळ ती मधल्या भागाच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकते. म्हणून पत्रा नेहमी कडेनेच उचकटायला लागतो. त्यात वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटली की हवा आत घुसून खालून ढकलते, वरून ओढ आणि खालून रेटा दोन्ही एकदम. वादळाआधी खिडक्यांवर प्लायवूड ठोकतात ते काच वाचवायला असं वाटतं, खरं तर ते छपरासाठी जास्त असतं. (आणि दाब सारखा करायला खिडक्या उघड्या ठेवा हा जो सल्ला फिरत असतो तो कृपा करून विसरा.)

आता एक आकडेमोड करून बघा. खोली 5 मीटर रुंद, वाशे 60 सेंटीमीटरवर. वाशाच्या एका टोकाच्या वाट्याला दीड चौरस मीटर छप्पर येतं, म्हणजे मारियाच्या वाऱ्यात ढोबळमानाने 450 किलोची वर ओढ, फक्त एका टोकाला. आणि तो वासा भिंतीच्या आडव्या लाकडाला कशाने धरलेला असतो? तर दोन तिरपे ठोकलेले साधे खिळे. गुळगुळीत खिळा लाकडात फक्त घर्षणावर टिकतो, लाकूड वाळलं की पकड ढिली होते, आणि वर ओढ बसली की तो ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो, आपण हातोडीच्या मागच्या बाजूने खिळा उपटतो तसाच.

इथे उपाय इतका साधा आहे की गंमत वाटते. गॅल्वनाइज्ड लोखंडाची पट्टी, वाशावरून वळवून खाली भिंतीच्या लाकडाला दोन्ही बाजूंनी खिळे मारून बसवायची. खिळे तेच, लाकूड तेच, पण आता ओढ वर असताना खिळे आडवे आहेत, त्यामुळे खिळा उपटला जात नाही, सुटायचा तर तो वाकायला हवा किंवा लाकूड फाटायला हवं, आणि त्याला कितीतरी पट जास्त जोर लागतो. फक्त पट्टी गॅल्वनाइज्डच हवी, समुद्राच्या खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकर गंजून जातं.

पत्र्याला खिळ्यांऐवजी स्क्रू आणि रुंद वायसर, आणि कडेला ते कमी अंतरावर. 1974 च्या ख्रिसमसला ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर ट्रेसी चक्रीवादळात उद्ध्वस्त झालं तेव्हा तपासात दिसलं की वाऱ्याच्या झटक्यांनी पत्रा तासन्‌तास वरखाली होत राहिला, खिळ्या-स्क्रूंभोवती चिरा पडल्या आणि मग पत्रा फाटून निघाला, तार वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच. म्हणून वायसर रुंद.

पण खरी मेख पुढे आहे. समजा हातात थोडेच पैसे आहेत आणि तुम्ही फक्त पत्रे घट्ट केले, कारण दिसतात ते पत्रेच. पुढच्या वादळात पत्रा रिपेला (वाशांवर आडवी ठोकलेली लाकडी पट्टी, जिच्यावर पत्रा बसतो) सोडणार नाही, मग ओढ रिपेवर जाईल, रीप वाशावरून निघेल, ती पण टिकली तर वासा भिंतीवरून निघेल, म्हणजे आधी चार पत्रे गेले असते ते आता अख्खं छप्पर एकसंध उडेल आणि वरचा आधार गेलेल्या भिंती पण आडव्या होतील. त्यामुळे माझ्या मते क्रम खालून वर असावा: खांब पायाशी, भिंत खांबाशी, वासा भिंतीशी, मग रीप, आणि पत्रा सगळ्यात शेवटी. हे सांगायला सोपं आहे, करायला अवघड, कारण वादळानंतर डोक्यावर पाऊस पडत असतो आणि माणूस पहिला पत्राच आणतो, जुन्याच रिपांवर ठोकतो. पोर्तो रिकोत तर जागेचे कागद नावावर नाहीत म्हणून अनेकांना सरकारी मदतही नाकारली गेली होती.

नवीन बांधत असाल तर दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर बरं, त्यात वाऱ्याला उभी त्रिकोणी भिंत मिळत नाही. उतार फार सपाट नको. वळचण कमी बाहेर काढायची. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरालाच लांबवून करू नका, त्याचे वाशे वेगळे ठेवा, कारण खालून मोकळी असल्यामुळे पडवी पहिली उचलली जाते, आणि गेली तर तिने एकटीनेच जावं.